मिशेलचा थांबलेला खडू

गुरुवार, माटुंगा

हैतीचा मिशेल कॅनडात शिकवतो. यंदा भूकंपात टिकणारी घरं कशी बांधायची, ते शिकवायला आमच्या कॉलेजात आलाय. आज तासाला एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या देशाला गरज असताना तुम्ही बाहेर का?" त्याचा खडू फळ्यावरच थांबला. विभागाचा प्राध्यापक म्हणून मागे बसलेल्या मलाच कानकोंडं झालं.

"आईही हेच विचारते," तो म्हणाला. "दर शनिवारी तिथल्या मुलांना ऑनलाइन शिकवतो. पुरेसं आहे का? माहीत नाही."

तो थांबलेला खडू डोळ्यांसमोरून जाईना. घरी येऊन बॉस्टनला राहणाऱ्या मुलीला फोन केला. परत कधी येणार, हे तिला आजवर विचारलंच नव्हतं. का नाही? आज विचारलं.

ती म्हणाली, "बाबा, मला वाटायचं, मी इथेच राहावं अशी तुमची इच्छा आहे."