निळ्या मण्याचा दोरा

प्लोव्हदिव, रविवार, १० मार्च २०१९
सकाळचे सात चाळीस. आत्ताच बेकरीतून आलो आणि नखांतलं पीठ ब्रशने काढून मगच पेन हातात घेतलं.

प्रिय स्तांका मावशी,

आज क्षमेचा रविवार. गावात असतो तर संत्रं घेऊन तुमचं दार वाजवलं असतं. तुमचा हात ओठांना लावून म्हणालो असतो, "मावशी, काही चुकलं असेल तर क्षमा करा," आणि तुम्ही म्हणाला असता, "केली, देवही करो. बूट काढ आणि आत ये." सहा वर्षं मी हे केलेलं नाही. म्हणून आज या कागदावरूनच तुमचा हात ओठांना लावतो.

पाय कसा आहे? पायरी उतरताना अजून काठी लागते, असं आईकडून कळलं. तुमचं नाव ती घेत नाही. "समोरची" एवढंच म्हणते. पण समोरचीच्या खिडकीत दिवा कधी लागला, कोंबड्या किती उरल्या, हे तिला सगळं ठाऊक असतं. हे पत्र मी लिहितोय, हे तिला सांगितलेलं नाही.

दुकान अजून चालू आहे ना? किमतीच्या पाट्या आता कोण लिहितं? एक अक्षर चुकलं तरी तुम्ही मला अख्खी पाटी पुन्हा लिहायला लावायचात. "ज्याला 'साखर' नीट लिहिता येत नाही, तो ती नीट तोलत असेल यावर कोण विश्वास ठेवील?" शाळा मी नववीत सोडली. तरी माझं लिखाण आजही शुद्ध आहे, ते त्या पाट्यांमुळे.

आता एक विनंती. पुढचं पान उलटू नका.

सोबत एक कोरा कागद आणि पत्ता लिहिलेला लिफाफा आहे. सहा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, त्या संध्याकाळी दुकानाच्या मागच्या दाराशी तुम्ही जे पाहिलं, तेवढंच त्या कागदावर लिहा. नंतर कुणी काय सांगितलं ते नको, कोर्टात काय म्हणालात तेही नको. आज डोळे मिटल्यावर जे दिसतं ते लिहा. जिथे दिसत नाही तिथे "दिसत नाही" असं लिहा. मग लिफाफा चिकटवा. तो चिकटल्यावरच हे पत्र पुढे वाचा.

(तुम्ही पान उलटणार, हे मला माहीत आहे. मालिकेचा शेवटसुद्धा तुम्ही आईला कुंपणावरून आधीच विचारून घ्यायचात. पण या वेळी नको, मावशी.)

*

चिकटवला? मग आता सगळं सांगतो.

गेल्या शरद ऋतूपासून मी इथल्या विद्यापीठात आहे. रात्रशाळेतून परीक्षा दिली आणि जागा मिळाली. विषय आहे मानसशास्त्र आणि त्याला जोडून गुन्हेशास्त्र. म्हणजे माणूस गुन्हा का करतो, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना काय आठवतं. बेकरीचे मालक ग्रोझ्दानकाका रोज सकाळी टोमणा मारतात, "चोर ओळखायला शिकतोय म्हणे! मग माझी चीज भरलेली एक बनित्सा रोज कमी कशी भरते, ते सांग बघू." मी सांगतो, "साक्षीदार नाही, काका." ते म्हणतात, "तुझ्या मिशीवर चीज आहे, तोच साक्षीदार."

वर्गात मी सगळ्यांत जास्त लिहून घेतो आणि सगळ्यांत कमी बोलतो. बाकीची मुलं चांगल्या शाळांतली आहेत. एखादा शब्द कळला नाही तरी त्यांना घाम फुटत नाही. मला फुटतो. शेजारी एलित्सा नावाची मुलगी बसते, जिभेला धार असलेली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "तू तारखेखाली वेळ का लिहितोस? तुला अटक होणार आहे का?"

पण खरं सांगतो, इतकी मजा मला आयुष्यात कशातच आली नव्हती. रात्री भट्टीपुढे उभा असतानासुद्धा डोक्यात प्रश्नच चालू असतात.

मंगळवारी आमच्या कराजोवा बाई साक्षीदारांच्या स्मरणशक्तीवर शिकवत होत्या. अचानक दार उघडून एक माणूस आत आला आणि हॉलच्या किल्लीवरून बाईंशी भांडू लागला. आवाज चढला. त्याने टेबलावरची बाईंची पर्स उचलली आणि निघून गेला. मागच्या बाकावरचे दोघे ओरडत त्याच्यामागे धावले. बाई शांतपणे म्हणाल्या, "बसा. कागद काढा. काय पाहिलंत ते लिहा, आणि शेवटी किती खात्री आहे तेही लिहा."

मग लक्षात आलं की सगळं ठरवून केलेलं होतं. मला तर आनंदच झाला. म्हटलं, ही परीक्षा माझ्यासाठीच आहे, मी सगळं टिपून घेणारा माणूस. अख्खं पान भरलं: करडं जाकीट, उजव्या कोपराला डाग, पुढच्या दातांत फट, डाव्या मनगटावर लाल-पांढरा दोरा, त्याला दोन गोंडे. खाली लिहिलं, "पूर्ण खात्री."

गुरुवारी बाईंनी माझाच कागद वर्गात मोठ्याने वाचला. मी कानांपर्यंत लाल झालो. त्या म्हणाल्या, "अक्षर सुंदर, एकही चूक नाही. कोर्टाला असा साक्षीदार मिळाला तर ते धन्य होईल. आता मला सांगा, दोरा आणखी कुणी कुणी पाहिला?"

निम्म्याहून जास्त हात वर झाले. त्या प्रत्येक हाताच्या मनगटावर दोरा होता.

बाईंनी दार उघडलं. तोच माणूस आत आला, त्यांच्या गल्लीतला कुलपं दुरुस्त करणारा. त्याने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या. मनगटं कोरी. मंगळवारीही कोरीच होती, आत येण्याआधी बाईंनी त्याला दोरा काढून ठेवायला लावला होता. मागून सगळं चित्रित झालं होतं, तेही त्यांनी दाखवलं. कोपरावरचा डाग होता. दातांतली फट होती. दोरा नव्हता.

एलित्सा कुजबुजली, "गोंडेसुद्धा मोजलेस की रे!"

बाई म्हणाल्या, "हा प्रयोग परदेशी पुस्तकांत सापडणार नाही, तो आपल्याकडेच जमतो. मार्चच्या पहिल्या तारखेला, तो महिना आणणाऱ्या मार्ताआजीच्या नावाने आपण एकमेकांना दोरे बांधतो, आणि पहिला करकोचा किंवा पहिलं फुललेलं झाड दिसेपर्यंत ते उतरवत नाही. या दिवसांत कोरं मनगट आपल्या नजरेला पडतच नाही. म्हणून डोळ्यांना जे दिसलं नाही, ते मनाने बांधून टाकलं. तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हाला तो खरोखरच दिसला."

मावशी, मला वर्ग दिसतच नव्हता. मला तुम्ही दिसत होता, कोर्टात, काळा रुमाल बांधून, काठीवर हात ठेवून. तुम्ही म्हणाला होता, "तोंडाला मफलर होता, चेहरा दिसला नाही. पण गल्ला घेऊन पळताना मला ढकललं तेव्हा त्याने चौकट धरली होती आणि हातात माझा दोरा होता. निळ्या मण्याचा. मीच बांधलेला."

निळा मणी फक्त तुमच्याच दोऱ्यांत असायचा. आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना तुम्ही तो ओवून द्यायचात, दृष्ट लागू नये म्हणून. त्या पोरांत ढकलणाऱ्याच्या उंचीचा एकच होता, माझा भाऊ मिल्को. त्यातून उधार सिगारेटवरून त्याच आठवड्यात तुमच्याशी भांडलेला. न्यायाधीशांनी दोन वेळा विचारलं, आणि दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "पूर्ण खात्री."

मी मंगळवारी लिहिलेले शब्द हेच होते.

वर्ग सुटल्यावर बाईंना गाठलं. म्हटलं, "समजा, एखाद्या साक्षीदाराने चेहरा नाही, फक्त दोरा ओळखला—"

"समजा राहू दे. कोण आहे?"

"एक ओळखीचा आहे."

"किती ओळखीचा?"

"एका खोलीत झोपायचो."

बाईंनी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून मला बसवलं. सगळं ऐकून म्हणाल्या, "यावरून तुझा भाऊ निर्दोष ठरत नाही, हे आधी समजून घे. त्या बाईंना दिसलेला दोरा खराही असू शकतो. शास्त्र एवढंच सांगतं की पुन्हा विचारा, आणि विचारताना त्यांच्या तोंडात शब्द घालू नका. तू तर विचारूच नकोस. तुला उत्तर काय हवंय ते तुझ्या चेहऱ्यावर दिसतं."

म्हणून तो कोरा कागद आधी आणि ही गोष्ट नंतर. म्हणूनच लिफाफ्यावर माझा पत्ता नाही, मिल्कोच्या काझान्लिकमधल्या वकीलबाईंचा आहे. माझ्या हातात आला असता तर मी तो वाफेवर धरून उघडला असता.

आता माझ्या आठवणीबद्दलही सांगायला हवं, नाहीतर हा व्यवहार एकतर्फी होईल.

तुम्हाला ढकललं त्याच दिवशी सकाळी मी आणि मिल्को गिरणीकडे जात होतो. खांबावर करकोचा बसलेला दिसला. मिल्को म्हणाला, "चला, मार्ताआजी सुटली," आणि त्याने दोरा दातांनी तोडून गिरणीमागच्या आलुबुखाराच्या फांदीला बांधला. मी माझा ठेवला, कारण मला फुललेलं झाड बघायचं होतं. म्हणजे संध्याकाळी त्याच्या हातात दोरा असणं शक्यच नव्हतं. हे मी पोलिसांनाही सांगितलं होतं. त्यांचा साहेब हसला. "झाडांवर शेकडो दोरे असतात, बाळा. आणि तू भाऊ आहेस." तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो.

सहा वर्षं मी ही आठवण घट्ट धरून बसलो होतो. गुरुवारनंतर तिच्याकडेही तशाच नजरेने पाहतोय. करकोचा त्याच सकाळी दिसला होता, की आदल्या वर्षी? फांदीवरचा निळा मणी मी खरंच पाहिला, की भावाला वाचवायला माझ्या मनाने तो तिथे बांधला? जितकं खोदतो तितका मणी जास्त निळा होत जातो, आणि बाई म्हणतात की हेच चांगलं लक्षण नाही. तेव्हा मी तुमच्यापेक्षा जास्त जाणतो असं समजू नका. आपण दोघं एकाच बाकावर बसलोय.

हे आत्ताच का उकरतोय, तर मिल्कोसाठी. फेब्रुवारीत त्याला भेटायला तुरुंगात गेलो होतो. केस विरळ झालेत, पण जीभ तीच. "काय प्रोफेसर, माझ्या डोक्याचं माप घ्यायला आलास?" मग हळू आवाजात म्हणाला, "मेमध्ये लवकर सुटका ठरवणाऱ्या समितीपुढे उभं करणार आहेत. केलं म्हणून कबूल करून पश्चात्ताप दाखवला तर उन्हाळ्यात घरी. नाहीतर पूर्ण शिक्षा. आई म्हणते, लिहून दे, घरी ये. तू शिकतोयस ना? सांग, लिहू का?"

मी विचारायला हवं होतं, "तू केलंस का?" सहा वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कुणीही विचारलेला नाही. आई म्हणते, विचारणं म्हणजे संशय घेणं. मी काचेच्या अलीकडे बसून त्याच्या मनगटाकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "काय बघतोस? इथे मार्ताआजी येत नाही."

वकीलबाई सांगतात की चेहरा दिसलाच नव्हता आणि दोऱ्याचीही खात्री नाही, असं तुमच्या हाताने लिहिलेलं मिळालं, तर त्या खटला पुन्हा उघडण्याचा अर्ज करू शकतील. मग त्याला खोटी कबुली द्यावी लागणार नाही. आणि तुमच्या कागदावर आजही निळा मणी लख्ख असेल, तर तसंच असू द्या. माझ्याकडे बघून एक अक्षरही पुसू नका. ते मी मिल्कोला जाऊन सांगेन, आणि तो प्रश्नही विचारेन. उत्तराची मला भीती वाटते, मावशी. पण त्याहून जास्त, काय झालं ते मला जाणून घ्यायचं आहे. ही बहुधा चांगल्या भावाची लक्षणं नाहीत.

लिफाफा चुलीत टाकलात तरी मी काही म्हणणार नाही. तुमचं हाड मोडलं होतं. ते तर कुणाच्या मनाने बांधलेलं नव्हतं.

तुम्हाला आठवतं का? या रविवारी संध्याकाळी तुमच्या तुळईला दोऱ्याने हलव्याची घट्ट वडी टांगायचात, आणि आम्ही हात मागे बांधून ती तोंडाने पकडायचो. मिल्कोने एकदा हलव्याबरोबर दोराही गिळला. तुम्ही त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारत होता, आणि रडतही होता. आई कुंपणावरून ओरडत होती, "मार अजून, स्तांका, मार!" त्या संध्याकाळी कुठलं पोर कुणाचं, हे बाहेरच्याला सांगता आलं नसतं.

आपल्याकडे धाकट्याने थोरल्याची क्षमा मागायची असते, म्हणून मी मागतो: हे सगळं उकरल्याबद्दल. थोरल्यांनी कुणाची मागायची, याची रीत नाही. आईला विचारलं तर तिलाही सांगता येणार नाही, पण खिडकीत तुमचा दिवा लागेपर्यंत ती झोपत नाही, एवढं मला माहीत आहे.

तुमचा,
यासेन

ता. क. पत्राखाली हिशेब लिहायची सवय तुमच्याच दुकानातली.
खर्च: कागद आणि दोन लिफाफे, नव्वद स्तोतिन्की. रजिस्टर टपाल (उद्या सकाळी), दोन लेव्हा ऐंशी. तुरुंगाच्या गावचं बसचं तिकीट, जाऊन-येऊन, पुढच्या रविवारचं, अठरा लेव्हा. ते काढून ठेवलंय, तुमचा कागद काहीही म्हणो.
देणं: ग्रोझ्दानकाकांचे वीस लेव्हा. आणि एक संत्रं, काल बाजारातून आणलेलं. ते लिफाफ्यात मावत नाही. ते तुमचं.