धाकटीला दुकान, एका वाक्याच्या अटीवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि चष्मा लावून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागही ठिकाणावर आहे, पण त्याचा दाखला ते देत नाहीत.

१. राहती खोली, कपाट आणि भांडीकुंडी काज-बटणं करणाऱ्या काकूंना. बावीस वर्षं त्या माझ्याकडे आहेत. कुणाची चुगली केली नाही आणि एक बटण सैल सोडलं नाही.

२. दोन्ही शिलाई मशिनंही काकूंनाच. काळं मशीन कुरकुरतं. त्याला तेल द्यावं, शिव्या देऊ नयेत. त्या मी पुरेशा दिल्या आहेत.

३. मोबाइल काकूंनी ठेवावा, पण त्यातल्या मालिका पुसू नयेत. दीड-दीड मिनिटाचे भाग असतात. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या टेबलावर टेकवून मी रोज बघते. सख्खी बहीण घात करते, नवरा घराबाहेर काढतो आणि ऐंशीव्या भागात तीच बाई मोठ्या गाडीतून उतरते, घात करणारे गुडघ्यांवर येतात. वकील हसले, "बाई, या वयात हे असलं काय बघता?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे निकालाला किती वर्षं लागतात? इथे दीड मिनिटात लागतो." खऱ्या आयुष्यात घात करणारी माणसं रस्त्यापलीकडेच राहतात, अंगाने भरतात आणि सकाळी आपल्याआधी शटर उघडतात.

४. आता ती. माझी धाकटी बहीण. आई गेल्यावर तिला मीच दुकानात घेतलं. अठरा वर्षं ती कपड्यांच्या कडांना हेम घालायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची. अकरा वर्षांपूर्वी एका सोमवारी दुकान उघडते तो मापांची वही गायब, धाकटी गायब आणि समोर तिच्या दुकानाची नवी पाटी. विचारायला गेले, तर म्हणाली, "वही? कुठली वही, ताई?" चोर तो चोर, वर शिरजोर.

मला शिवण शिकवणारे मास्तर सांगायचे, वही चोरीला जाते, हात जात नाही. म्हणून मी वहीत प्रत्येक माप एक इंच कमी लिहिते आणि कापताना तो इंच वाढवते. धाकटीला हे ठाऊक नव्हतं. तिने बँकेतल्या नऊ बायकांचे कोट वहीबरहुकूम कापले. एकीचंही बटण लागेना. नऊजणी कोट हातात घेऊन तिच्या दारात भांडत होत्या आणि मी खिडकीत पोट धरून हसत होते. माझ्या वाट्याला मालिकेचा तेवढा एकच भाग आला. तिने नऊही जणींची माफी मागितली, नव्याने मापं घेतली आणि आज तिचं दुकान माझ्यापेक्षा जास्त चालतं. माझी माफी मागायला मात्र तिला रस्ता ओलांडता आला नाही.

५. माझं दुकान, पाटीसकट, धाकटीला. अट एकच. भरल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर तिने म्हणावं, "वही मी चोरली." न म्हटल्यास दुकान काकूंना.

६. मृत्युपत्र माझ्या मागे वाचतात, असं वकील म्हणाले. म्हणजे तिचा पडलेला चेहरा सगळे बघणार, मी सोडून! हे मला मान्य नाही. म्हणून दुसरी साक्षीदार म्हणून धाकटीलाच नेमते. वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केली तर दुकान गेलं, नाही केली तर ते वाक्य गळ्यात. इकडे आड, तिकडे विहीर. आज काकू तिला बोलावून आणतील आणि हे सगळं तिनेच मोठ्याने वाचायचं आहे.

(पुढचा मजकूर सह्यांच्या आधी, धाकटी समोर बसलेली असताना लिहिला आहे.)

तिने सगळं वाचलं. आवाज कुठे अडला नाही. कागद खाली ठेवून म्हणाली, "सही केली की मला काही नाही ना?"

"काही नाही."

"बरं. ताई, वही मी चोरली. तू अठरा वर्षं मला कात्रीला हात लावू दिला नाहीस. कधीतरी शिकवशील म्हणून वाट बघितली. पेन दे इकडे."

पेन अजून माझ्याच हातात आहे. तिला मी माफ केलेलं नाही, हे सर्वांनी लक्षात ठेवावं. तिचा चेहरा बघायला बोलावलं होतं आणि मघापासून मीच खाली बघून लिहिते आहे.

अठरा वर्षं मी तिला कात्रीला हात लावू दिला नाही, हे खरं आहे. हे कलम नाही, म्हणून याला क्रमांक घातलेला नाही.

वरील सर्व मजकूर माझा, अक्षरही माझंच.

सही: थोरली बहीण, शिवणकामवाली

साक्षीदार १: शेजारचे चष्मेवाले (सही)
साक्षीदार २: धाकटी बहीण, दुकान समोरच (सही)

ठिकाण: माझं दुकान, कापडाचं टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा