तू पाठवलेले चार दिवे

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन्ही गुडघे सध्या रजेवर असल्यामुळे उरलेल्या सहांवर समाधान मान.) तुझी तब्येत बरी असणारच, कारण ती बरी नसती तर एव्हाना तू फोन करून सगळ्या नातेवाइकांना सविस्तर सांगितलं असतंस. वहिनीला नमस्कार सांग, आणि तिचा खांदा कसा आहे ते तिला विचारून कळव. मागच्या वेळी तू परस्पर "ठीक आहे" म्हणालास आणि मी येऊन बघते तर तिचा हात गळ्यात अडकवलेला. मी बरी आहे. रागावलेली आहे, पण रागाने माझी प्रकृती सुधारते हे तू लहानपणापासून पाहतो आहेस.

राग तुझ्यावर आहे. तू पाठवलेल्या त्या चार दिव्यांवर आहे, पण दिवे बिचारे तुझ्या सल्ल्याने आले, म्हणून फिरून तुझ्यावरच. मुळापासून सांगते, कारण तू फोनवर अर्धंच ऐकतोस आणि उरलेलं अर्धं स्वतःच बोलतोस. वाचनालयाच्या वळणावर माझ्या गाडीला मागून एका स्कूटरवाल्याने धक्का दिला, हे तुला ठाऊक आहे. वळायच्या आधी मी इंडिकेटर दिला होता. त्याचं म्हणणं, "उन्हात दिवा दिसलाच नाही, आजी." (आजी त्याच्या घरी असेल.) नुकसान म्हणशील तर बंपरवर एक ओरखडा, पण तो माझ्या लेकीने पाहिला. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. मी दुपारी फोन उचलला नाही तर ती शेजाऱ्यांना दार वाजवायला पाठवते. (मी अंघोळीला होते. शेजाऱ्यांना आणि मला, दोघांनाही तो प्रसंग विसरायचा आहे.) तिने जाहीर केलं, "आई, पुरे झालं आता. गाडी विकून टाकू." जावई मधे पडले, म्हणाले, एक संधी देऊन बघू. (गाडी गेली तर मला जिथे तिथे सोडायचं काम त्यांच्याकडे येणार, हे त्यांच्या चांगुलपणात धरून चालावं.) शेवटी असं ठरलं की येत्या रविवारी लेक माझ्या शेजारी बसेल, मी बाजारातून पुलापर्यंत जाऊन परत येईन, आणि वाटेत तिला काहीही खटकलं तर किल्ली तिच्या पर्समध्ये जाईल.

दादा, किल्ली गेली की काय होतं ते तुला कळायचं नाही. तुला वहिनीने आयुष्यभर सगळीकडे नेलं. किल्ली गेली की बाई "आणलेली" होते. कुणीतरी आणून सोडलेली आणि कुणीतरी न्यायला येईल म्हणून पर्स मांडीवर धरून बसलेली. मला ते जमणार नाही.

तेव्हा तू म्हणालास, दिवा अंधूक आहे ना, मग एलईडी लाव, मी पाठवतो, पाच मिनिटांचं काम आहे. खरं बोलायचं तर बसवायला तेवढाच वेळ लागला. जुने काढले, नवे घातले, बसून इंडिकेटर दिला. आणि गाडी एकदम घाबरली. टक, टक अशी संथ चालायची ती टकटकटकटक करत सुटली. बाहेर येऊन पाहिलं तर दिवा असा मिचकत होता, जणू कुणीतरी गाडीला आत्ताच वाईट बातमी सांगितली आहे. (शाळेत आमच्या वक्तृत्वाच्या सिस्टर म्हणायच्या, जो घाईने बोलतो त्याचं कुणी ऐकत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकून काय मिळालं असं तू नेहमी विचारतोस, तर हे मिळालं.) तुला फोन केला तर तू म्हणालास, "बरंच झालं की, लोकांना जास्त दिसेल." दादा, दिसेल हे खरं, पण शेजारी बसलेल्या माझ्या लेकीला काय दिसेल? तिचं आधीच म्हणणं आहे की मी गडबडते. त्यात गाडीही गडबडलेली.

म्हणून गाडी नेली कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये. तिथल्या वायरमनचं खरं नाव मला माहीत नाही; कुठलंही काम सांगा, तो "होऊन जाईल" म्हणतो, म्हणून मी त्याला मनात होऊनजाईल म्हणते. त्याने आधी फ्यूज बदलला. मग दिव्यांची बैठक घासली. मग मला विचारलं, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, साहेब जाऊन सहा वर्षं झाली आणि ते होते तेव्हाही गाडी मीच चालवत होते. तो म्हणाला, "मग होऊन जाईल." शेवटी त्याने सोनेरी रंगाचे दोन रेझिस्टर आणले आणि मागच्या दिव्यांच्या वायरींना जोडले. टकटक संथ झाली, मी खूश झाले आणि त्याला चांगला माणूस समजले. दुसऱ्या दिवशी मोठ्या चौकात वळायला बराच वेळ थांबावं लागलं, तर मागून जळक्या प्लॅस्टिकचा वास. ते रेझिस्टर तव्यासारखे तापतात आणि त्याने ते लोखंडाला न बसवता डिकीच्या आतल्या प्लॅस्टिकला चिकटपट्टीने चिकटवले होते. मी परत नेऊन दाखवलं. त्याने वितळलेल्या भोकातून रस्ता पाहिला आणि म्हणाला, "हवा खेळती राहील." मी ते काढायला लावले. टकटकटकटक परत सुरू.

मग मी घरी येऊन शांत बसले आणि ऐकलं. दादा, तू विसरतोस की मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली आहे, आणि शेवटची बरीच वर्षं सुपरवायझर होते. रिलेंची, म्हणजे वीज आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या डब्यांची, कपाटंच्या कपाटं दिवसभर टकटकायची आणि त्यात एखादा बिघडला तर मी जेवणाच्या टेबलावरून सांगायची की तिसऱ्या रांगेत जाऊन बघा. इंजिनियर आधी हसायचे, मग बघून यायचे, मग गप्प जेवायचे. तेव्हा इंडिकेटर चालू ठेवून मी डोकं पेडलपाशी नेलं. (ही अवस्था शेजाऱ्यांनी पाहिली आणि लेकीला फोन केला. त्यांच्याविषयी पुढच्या पत्रात नाही, कधीच लिहिणार नाही.) डॅशबोर्डखाली काडेपेटीएवढी एक डबी होती, तिच्यावर बोट ठेवलं तर ती बोटाखाली धडधडत होती. हा फ्लॅशर रिले, इंडिकेटर मिचकवणारा. आणि मग मला सगळं उमगलं.

जुना दिवा भरपूर करंट खातो. एलईडी अगदी थोडा खातो. रिलेला दिवा दिसत नाही, त्याला फक्त कोण किती खातंय तेवढं कळतं. खाणं कमी झालं की तो समजतो, एक दिवा मेला, आणि चालवणाऱ्याला कळावं म्हणून धावाधाव सुरू करतो. दादा, मला ही डबी ओळखीची वाटली. मी एक पोळी कमी खाल्ली की माझी लेक अशीच धडधडते. दिवा पूर्वीपेक्षा लख्ख जळतो आहे हे बाहेर येऊन कुणी बघत नाही. आणि होऊनजाईलने लावलेले रेझिस्टर म्हणजे नुसता खोटा भार: काम काही नाही, प्रकाश नाही, करंट खायचा आणि तापून बसायचं, म्हणजे रिलेला वाटतं घर भरलेलं आहे. (आपल्या घरात असे दोन मामा होते. नावं तू मनात घेतलीच असशील.)

उपाय सोपा निघाला. कोण किती खातं यात नाक न खुपसता आपल्या तालात चालणारा दुसरा रिले मिळतो. पार्टच्या दुकानात जाऊन एलईडीसाठीचा फ्लॅशर मागितला. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी हवाय?" मी म्हटलं, गाडीसाठी. जुनी डबी ओढून काढली, नवी दाबून बसवली, धोक्याचं बटण दाबून चारही इंडिकेटर एकदम लावले. बाहेर जाऊन पाहिलं. चारही दिवे लख्ख, संथ, एका तालात, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारखे. रविवारची मला आता काळजी नाही. तुझे दिवे चांगले आहेत, तुझा सल्ला अर्धवट होता, हे वहिनीला वाचून दाखव.

लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, तुला यांपैकी जे सोयीचं वाटेल ते.

तुझी धाकटी बहीण

ता. क. या नव्या रिलेत एक खोट आहे. एखादा दिवा खरोखरच गेला तरी तो काही सांगणार नाही, त्याच तालात चालत राहील. तेव्हा अधूनमधून उतरून गाडीभोवती फिरून आपणच बघावं लागतं. जुना धडधडायचा, पण सांगायचा तरी, असं आता वाटतं.

ता. क. २. पाकीट बंद करून टाकायला निघाले होते, परत उघडलं. पोस्टापाशी मागचा रिक्षावाला हॉर्न देऊन म्हणाला, "बाई, वळायचंय की नाही एकदाचं?" उजवा इंडिकेटर घराच्या फाटकापासून चालूच होता. समोर डॅशबोर्डवर हिरवा बाण लुकलुकत असणार, पण मी रस्ता बघते, बाणाकडे लक्ष ठेवायचं काम आजवर कानांनी केलं. घरी येऊन काचा वर केल्या, इंजिन बंद केलं, इंडिकेटर दिला आणि त्या डबीला कान लावला. मग दुसरा लावला. मला काही ऐकू आलं नाही. असे काही रिले मुळातच आवाज करत नाहीत म्हणतात, तेव्हा दोष कानांचाच असेल असं नाही. दुकानदाराला विचारता आलं असतं, विचारलं नाही.

ता. क. ३. तू शनिवारी ये. वहिनीला सांग, दिवे बघायला जातोय. गाडीत माझ्या शेजारी बस, काही बोलू नकोस (प्रयत्न कर), आणि नीट ऐक. टकटक येत असेल तर फक्त मला सांग. येत नसेल तर माझ्या लेकीला सांग.