आपली ती नदी

२२ एप्रिल १९३४, प्रकाशा
धुरपा तिसरीत नापास! भूगोलात. पोर वाचते खडाखडा, पण मास्तरांनी विचारलं की दातखीळ. मामंजी खाटेवरूनच म्हणाले, "बस झायी शाया. शहाद्यानी सोयरीक उनी शे, हा सांगी देऊ." स्थळाला होकार, आणि पोर नऊ वर्षांची!

मी दाराआडून म्हटलं, सुट्टीत मी शिकवते. माझी चौथी झाली आहे हे लग्नानंतर या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी आठवलं. मामंजींनी हुक्का दोनदा गुडगुडवला. मग अट घातली — "शाया उघडनी का गिरधर मास्तर आपला घर येई, मन्हासमोर इचारी. उत्तर नही उनं तं शाया बंद."

२५ एप्रिल
भागाकार नदीतल्या टरबुजावर शिकवला. तिघांत समान भाग केले. बाकी उरली ती शेळीनं खाल्ली.

१ मे
भूगोल काढला आणि पहिल्याच ओळीला अडले. पश्चिम खानदेशातल्या नद्या. पहिली नदी आपलीच, गावाच्या अंगाला लागून वाहणारी. पण तिचं नाव आणि यांचं नाव एकच! घरात यांना हाकही तेवढीच मारतात, पुढचा राम गाळून. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझा विश्वास नाही. पण उगीच कशाला परीक्षा पाहायची? इथं लिहायलाही हात धजत नाही.

शेवटी असं शिकवलं — आपली ती, गोमाई, पांझरा, बुराई. "आपली ती" म्हणताना नदीकडे बोट करायचं. खरं नाव तर पोरीला जन्मापासून ठाऊक आहे. मास्तरांसमोर घेईल.

३ मे
घेणार नाही! आज तिनं पुस्तकातून ते नाव खणखणीत वाचलं, तर मामंजी झोपेतून दचकून उठले. "बापनं नाव लिसन हाका मारस का वं?" पोर रडली. मी सांगितलं, अहो, नदी आहे ती. ते म्हणाले, "नदी ऱ्हायनी तरी बाप शे ना!"

९ मे
यांनाच गळ घातली. एवढा एक शब्द तुम्ही शिकवा. हसून म्हणाले, "मन्हं नाव मीच शिकाडू का?" आणि कूस बदलून घोरायला लागले. ज्यांच्यासाठी मी तोंड दाबून बसले त्यांची ही तऱ्हा.

१६ मे
आखाजीचा सण. धड्याला सुट्टी. झोक्यावर बाकीच्या पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या, धुरपा नद्या म्हणत होती. "आपली ती" पोरींना फार आवडलं. संध्याकाळपर्यंत निम्मी आळी नदीकडे बोटं दाखवत होती.

५ जून
तीन दिवस राहिले. पोर सगळं म्हणते, डोंगर, पेठा, तालुके. फक्त ते एक नाव नाही. मला भीती वाटते आहे. पाटी बंद झाली तर पुढं काय, ते मी बारा वर्षं बघतेच आहे.

८ जून
मास्तर आले. मामंजी पागोटं बांधून बसले, हे त्यांच्या शेजारी. गणित पार, वाचन पार. मग मास्तर म्हणाले, नद्या सांग.

"आपली ती, गोमाई, पांझरा, बुराई."

"आपली ती कोणती?"

पोरीनं बोट दाखवलं. नाव विचारलं, तर म्हणाली, "आज्यानी सांगेल शे, बापनं नाव लेवानं नही." मास्तर गोंधळले. मामंजी खाली बघून पागोटं चाचपायला लागले, पण शब्द मागे घेईनात. मास्तरांनी वही मिटायला घेतली.

मग मला सुचलं. उखाण्यात नाव घ्यायला कोणाची बंदी आहे? मी दाराआडून, पदर दातात धरून म्हटलं —

"प्रकाशाना घाटवर पानी भरतस बाया चार,
तापीरामनं नाव लेस, पोरले पास करा, सरकार."

मास्तर इतके हसले की चष्मा पडला. म्हणाले, राम वजा करून उत्तर बरोबर! मामंजीही हसले. "आते चवथी शिक," एवढंच म्हणाले. मी आत जाऊन चुलीपाशी रडले, मग डोळे पुसून पुन्हा दाराआड आले.

मास्तरांनी वहीत लिहायला घेतलं. धुरपाला विचारलं, घरी कोणी शिकवलं?

"माय."

"मायनं नाव काय शे?"

पोरीनं आज्याकडे बघितलं. मामंजींनी यांच्याकडे. मी इथं आधी माहेरच्या गावावरून तळोदावाली होते, मग धुरपानी माय झाले. हे तरी माझं नाव सांगतील म्हणून मी वाट बघितली. मास्तरांनी "आई" लिहिलं आणि चहा घेतला.

९ जून
आज नद्या नाहीत. पाटीवर एकच शब्द लिहून दिला — जसोदा. धुरपानं दहादा गिरवला. मग हळूच विचारलं, "माय, हाई नाव मोठ्यानं लेवाले चालस का?" चालतं, म्हटलं. ती ओट्यावर जाऊन जोरात ओरडली. समोरच्या रूपलीबाई बाहेर आल्या. बारा वर्षांची शेजारीण माझी. विचारायला लागल्या, "जसोदा कोन शे वं?"