घंगाळ आणि ज्वारी

शनि. २ ऑक्टोबर २००४

मागच्या सीटवर घंगाळ आडवं बसेना, उभंही राहीना. शेवटी वि.ने त्याला सीटबेल्ट लावला. म्हणाला, "लग्न करून तुला बर्मिंगहॅमला आणलं तेव्हा एवढं जपलं नव्हतं." लेकीला, नाओमीला जागाच उरली नाही. ती चर्चपर्यंत चालत आली, वाटभर फुरंगटलेली.

काल चिंच-मीठ लावून घासलं. तांबं असं उजळलं की त्यात माझं नाक दिसत होतं. आईने लग्नात दिलेलं. वि.ने ते विमानातून मांडीवर आणलं होतं, आत स्वेटर कोंबून. कस्टमवाल्याने विचारलं होतं, ढोल आहे का?

यंदा प्रथमच कापणीचा सण इंग्रज मंडळीबरोबर. एरवी ते सकाळी, आपण मराठी दुपारी. चर्च एकच, भेट फक्त पार्किंगमध्ये. वेदीपुढे त्यांनी बीन्सचे आणि सूपचे डबे रचले होते. मध्ये आमचं घंगाळ ठेवून त्यात काठोकाठ ज्वारी ओतली. मार्गरेट तिथे फुलं लावत होती. सत्तरीची, उंच, मोठ्या आवाजाची, सगळं चर्च तिला वचकून. फुलं खाली ठेवून आली आणि काठावरून बोट फिरवलं. "ओ, यू ब्यूटी."

बीन्सच्या डब्यांमध्ये माझं घंगाळ. छान वाटलं. जरा जास्तच छान. हे इथे लिहून ठेवते, बाकी कुणाला सांगणार नाही.

रवि. ३

हसावं की काय करावं.

उपासनेनंतर हॉलमध्ये लिलाव. भास्करकाकांनी पुकारा केला. आयुष्यभर इथे बस चालवली, आवाज अजून वरच्या मजल्यावर जाईल असा. आधी इंग्रजांना रीत समजावली: चढी बोली लावायची, वस्तू घ्यायची आणि वाटलं तर परत देवाला द्यायची, म्हणजे पुन्हा लिलाव. पैसे बेघरांच्या निवाऱ्याला. त्यांचे चेहरे कोरे. मग एक कोबी निघाला. वि.ने घेतला, परत दिला. ऑर्गन वाजवणाऱ्याने घेतला, परत दिला. कोबी हॉलभर फिरला, पानं गळली, शेवटी उरला नुसता दांडा. तोही विकला गेला. इतके मोठ्याने हसणारे इंग्रज मी या चर्चमध्ये पाहिले नव्हते.

मग घंगाळ.

नगरकडे आमच्या गावी रीत अशी: भांडं भरून वेदीपुढे ठेवायचं, बोली आतल्या धान्यावर. भांडं संध्याकाळी ज्याचं त्याच्या घरी. हे कुणी सांगत नाही. सांगायचं काय त्यात? काकांनीही सांगितलं नाही.

मार्गरेटने हात वर केला तो खाली घेतलाच नाही. तिच्यासमोर एक डेंटिस्ट टिकून होता, तोही बसला. "एक बार, दोन बार, तीन बार!" टाळ्या. ती उठली, पुढे आली आणि म्हणाली की एवढं चांगलं धान्य आपण एकटीने ठेवणं बरं नाही, ते मी परत देते, पुन्हा विका. मग दोघांना बोलावून ज्वारी भराभर पिशव्यांत ओतली आणि रिकामं घंगाळ काखेत घेऊन उभी राहिली. आणखी टाळ्या. आपली माणसंही टाळ्या वाजवत होती. माझ्याकडे बघत.

ज्वारी पुन्हा लिलावाला. कुणी पुढे येईना. इंग्रजांना ते काय आहे तेच कळेना. वि.ने हात वर केला.

आपलीच ज्वारी सुपरमार्केटच्या पिशव्यांतून घरी आली. सीटबेल्टची गरज पडली नाही.

सोम. ४

भाकरी.

दिवाणखान्यात उबेच्या गॅस-शेगडीशेजारी, घंगाळ असायचं तिथे, कार्पेटवर गोल डाग आहे, रंग न उडालेला. नाओमी त्यात जाऊन उभी राहिली. "मम्मी, तुझा घंगाळ मी आहे आता." तिला घंगाळ पुल्लिंगी. सुधारलं नाही.

भास्करकाकांचा फोन. "सलाम, सुमन. बाळ, काल तुझं तोंड बघितलं मी. मी बोलतो तिच्याशी. सांगतो, गैरसमज झाला." म्हटलं, थांबा. "किती थांबू?" माहीत नाही म्हटलं. काका हे फार दिवस पोटात ठेवू शकणार नाहीत.

बुध. ६

पुन्हा भाकरी. वि. म्हणतो, ही ज्वारी संपेपर्यंत आपण पुरे पवित्र होऊ.

लायब्ररीतल्या कामावरून येताना फोनकार्ड घेतलं. आईला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं.

"जा आणि घेऊन ये."

"आई, वेदीपुढे ठेवलं होतं मी."

"धान्य ठेवलं होतंस! भांडं कशात तरी न्यावं लागतं म्हणून होतं. उद्या पाळकसाहेब पेटीत पैसे टाकतील तर मनगटही ठेवून घ्याल का त्यांचं?"

"देवाला दिलं ते—"

"देवाला काय आंघोळ करायची आहे? मडमेला नीट सांग. इंग्रजीत एम.ए. केलंस ना?"

कार्ड संपलं. दोघी अजून बोलतच होतो बहुतेक.

आई चूक नाही. पण तिचं ऐकताना मला माझाच आवाज ऐकू आला. दर वर्षी दिलं ते आतलं. स्वस्त, पुन्हा मिळणारं. वि. म्हणतो ते खरं: चॅरिटी शॉपला कपडे देते ते हँगर काढून. दान देते आणि धरायचं तेवढं धरून ठेवते. वेदीपुढे मी काय दिलं आणि काय नुसतं दाखवलं?

तरी हवंय. प्रार्थनेला बसले आणि डोळ्यांसमोर घंगाळाच्या कड्या. प्रभू, मला ते...

हसू आलं. त्यालाही आलं असेल.

शनि. ९

मार्गरेटकडे गेले. बसमध्ये वाक्यं जुळवली. सभ्य, छोटी. "आमच्याकडे एक रीत आहे" अशी सुरुवात.

बेल वाजवली, उत्तर नाही. मागून आरडाओरडा. कुंपणाच्या फाटकातून मागे गेले. गवतावर घंगाळ, घंगाळात तिचा लठ्ठ स्पॅनियल, ड्यूक, कानापर्यंत फेसात. मार्गरेट गुडघ्यांवर, मोठे रबरी बूट, बाह्या भिजलेल्या. "पकड त्याला! बघतेस काय? मागचे पाय!"

पकडले. पर्स गवतावर, कोट अंगात तसाच. कुत्र्याने अंग झाडलं आणि तिघं सारखीच ओली झालो. ती म्हणाली, बाथटबमध्ये तो घसरतो, सिंकमध्ये मावत नाही, वर्षानुवर्षं असं काहीतरी शोधत होते. एकदम मापाचं. देवाने धाडलं. मग जरा ओशाळून म्हणाली, "पण याचा हा उपयोग नसणार ना? तुमचं काही पवित्र भांडं असेल."

म्हटलं, आंघोळीचंच आहे.

"नो!"

"खरंच. गावी आम्ही यात गरम पाणी काढून घेतो आंघोळीला."

ती इतकी हसली की ड्यूक बाहेर उडी मारून गुलाबांत गेला.

माझ्याकडे त्याच्यात कधी पाण्याचा थेंब पडला नव्हता. डाग पडेल म्हणून.

चहा प्याले, केकचे दोन तुकडे खाल्ले. सुरुवातीचं वाक्य तसंच राहिलं. घरी आले तर वि. वास घेत म्हणाला, "कुठे होतीस? कुत्र्यासारखी ओली." खूप हसले. त्याला कळेना.

रवि. १०

काकांनी सांगितलंच. सकाळीच, इंग्रजांच्या उपासनेनंतर तिला गाठून.

दुपारी आपली उपासना सुटली तर दारात मार्गरेट, गाल लाल. "काल माझ्या केकवर ताव मारलास आणि एक शब्द नाही! मी तुझ्या आईच्या भांड्यात कुत्रा धुतला!"

"चांगला धुतला."

"उद्या सकाळी आणून देते."

"नको."

तोंडून आधी गेलं, मन मागून आलं. आणि ते पुरतं आलं नव्हतं. तिच्यासमोर खोटं बोलायला माणूस जरा घाबरतोच.

"नक्की नको?"

"हवंय," म्हटलं. "आणि नको. दोन्ही."

ती विचारात पडली. वेदीवरची शिळी फुलं काखेत, पाणी गळतंय. मग म्हणाली, "लिलावात मी जिंकलं आहे, उगाच परत देणार नाही. तू माग, त्याच दिवशी देईन, एक प्रश्न विचारणार नाही. पण मागायचं तू. तोंडाने. आणि न मागता नुसतं तोंड पाडून बसलीस तर पुढच्या वर्षी कोबी तुझ्या डोक्यावर फोडीन."

वि. बाजूला उभा. गाडीत म्हणाला, "माग की. ती देईल." मग गाडी वळवताना, "आईंना काय सांगणार?"

आईंना. माहीत नाही. आज जेवताना मात्र तिघं खूप बोललो, आणि मला सारखं गाणं सुचत होतं. असं काही गेल्यावर माणूस इतकं हलकं कसं होतं, की अजून गेलेलंच नाही म्हणून?

सोम. ११

सकाळी कामावर जाताना बसच्या वरच्या मजल्यावर बसले. मार्गरेटच्या कुंपणापलीकडे घंगाळ गवतावर पालथं घातलेलं दिसलं, वर दंव. तिच्या स्टॉपवर दोघं चढले. मी उतरले नाही. लायब्ररीत वेळेवर पोचले.