डावीकडचा मुका स्पीकर

बेटेगाव, बोईसर

चि. ज्ञानेश यास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुझी कंबर अजून धरलेली असेल तर ती स्पीकरचं खोकं परभणीहून इथवर उचलून आणल्यामुळे, असं मी प्रतीक्षाला सांगितलं आहे. (‘हे भोंगे घरात राहतील नाहीतर मी’ असं ती म्हणाली आणि लगेच तुला थोरल्या बहिणीची आठवण झाली, हेही तिनेच मला सांगितलं. असो. निमित्त काही का असेना, भाऊ घरी आला.) पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारशील. घर दोन खोल्यांचं, फोन दोघांत एक, आणि कापडगिरणीतून निवृत्त झाल्यापासून तुझे दाजी दिवसभर समोर बसलेले. त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर काय बोलणार?

तू जाताना म्हणालास, काही अवघड नाही ताई, रंगाला रंग बघून वायरी खोचायच्या. हे टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले, ते जेवायच्या वेळेपर्यंत मला त्यांचे फक्त तळपाय दिसत होते. कॉम्प्युटरच्या मागची भोकं हिरवी, काळी, नारिंगी आणि गुलाबी. वायर काळी दिसली तरी तिच्या टोकाचा रंग बघायचा असतो, हे समजेपर्यंत मागच्या दोन स्पीकरांची वायर माईकच्या भोकात बसली होती. ती हलवली तरी मागचे गप्पच. मग कळलं की कॉम्प्युटरला आधी सांगावं लागतं, बाबा रे, घरात दोन नाही, पाच स्पीकर आणि एक मोठा डबा आहे. ते सांगायची जागा शोधताना यांनी पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी करून ठेवली की आता एका वेळी दीड शब्द दिसतो.

तो मोठा डबा मात्र पहिल्या दिवसापासून उत्साही. मी तो भांड्यांच्या मांडणीखाली सरकवला होता. यांनी लढाईचा सिनेमा लावला, पहिला बाँब पडला आणि मांडणीवरची ताटं वाजायला लागली. आमच्या पालघरकडे अधूनमधून जमीन हलते, हे तुला माहीत आहे. खालच्या मजल्यावरची शकू सासऱ्यांना आणि सुकटीच्या टोपलीला घेऊन थेट रस्त्यावर. (आधी टोपली काढली की सासरे, यावर त्यांच्या घरात अजून बोलणं चालू आहे.) तिच्या मागून आणखी दोन घरं बाहेर आली. हे खिडकीतून डोकावून विचारतात, काय झालं? शकू वर येऊन डबा बघून गेली आणि जाताना म्हणाली, “ताय, भूकंप तरी लवकर थांबतो. ह्याला बटन हाय ना?” तेव्हापासून आवाज बारीक ठेवतो.

पण यांचं समाधान होईना. तू म्हणाला होतास, सिनेमातलं हेलिकॉप्टर मागून येऊन डोक्याभोवती फिरतं. आमचं उजवीकडून यायचं आणि डावीकडे गेलं की नाहीसं व्हायचं. डावीकडचा मागचा स्पीकर मुका आहे, असं ठरवून यांनी तो उघडला, पुसला, उन्हात ठेवला, आणि तुला दोन-तीन शब्द बोलले, ते लिहीत नाही. शेवटी दातिवऱ्याच्या दिपेशला बोलावलं. त्याचं बोईसरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने पडद्यावर स्पीकरांची चित्रं काढली. एकेक चित्र उजळतं आणि तो तो स्पीकर बारीक सूर काढतो. डावीकडचा वाजला. मला ऐकू आला, दिपेशला ऐकू आला. हे म्हणाले, “बघ, हाच तो. गप्प.”

दिपेशने मागच्या दोन्ही स्पीकरांची अदलाबदल केली. तरी डावाच मुका. वायर बदलली. तरी तेच. मग हे चिडून खुर्चीसकट गर्रकन मागे फिरले, पडद्याकडे पाठ करून त्या स्पीकरसमोर बसले आणि म्हणाले, “आता लाव.” सूर निघाला. “हा वाजला. पण आता तिकडचा बंद पडला,” असं म्हणून त्यांनी हात केला, तो पुन्हा डावीकडेच.

दिपेशने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. हे इतकी वर्षं गिरणीत यंत्रमागांच्या खडखडाटात उभे राहिले, कानात घालायचे बोळे खिशातच ठेवून. पोरगं शहाणं. म्हणालं, “काका, वायर ढिली हाय. मी नंतर येऊन बगतो,” आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेलं. हे खुर्ची फिरवून पुन्हा पडद्याकडे वळले. त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही.

जेवताना मी नेहमी त्यांच्या डावीकडे बसते. बोललेल्याला उत्तर आलं नाही की मनात राग धरायचा, हा माझा नेम. परवा ताट उचलून उजवीकडे नेलं. त्यांनी विचारलं, “तिकडे वारा जास्त लागतो का?” म्हटलं, हो.

प्रतीक्षाला माझ्यातर्फे प्रेमाने जवळ घे, आणि भोंगे परत येणार नाहीत, एवढा दिलासा दे.

तुझी,
सुगंधाताई

ता. क. खरं काम हे. पालघरला कानाचे डॉक्टर आहेत. मी चला म्हटलं तर हे मलाच दाखवून आणतील. तू ये आणि म्हण, दाजी, मला कान दाखवायचे आहेत, सोबत चला. तुझे कान तपासून झाले की यांना खुर्चीवर बसव. तुझ्या कानांत काही निघालं नाही तरी चालेल.

ता. क. ज्ञानेशराव, पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. येतो तपासायला, ढोंग करायची गरज नाही. मात्र जेवताना डावीकडून मला तिचं थोडंफार ऐकू येत होतं, हे तुमच्या ताईला सांगू नका. ती उजवीकडे बसायला लागल्यापासून सगळंच ऐकावं लागतं. शक्य तितक्या लवकर या, म्हणजे ती पुन्हा जुन्या जागी जाईल. – नागोराव