तडा गेलेलं दीपगृह

३ ऑक्टोबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

सातव्या महिन्यात तुला घोर लावू नये, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. सरोवराचा काठ दीपगृहाखालीच खचतोय. भिंतीला वरपासून तडा गेलाय, माझी मूठ आत जाते. इंजिनिअर म्हणाले, फार दिवस तग धरणार नाही. बाबा मात्र दीपगृहाच्या खालच्या खोलीत कडी लावून बसलेत.

त्यांचं म्हणणं तुला पाठच आहे. धुक्यात प्रवासी बोट बुडाली म्हणून हे बांधलं, तुझे आजोबा इथले पहिले दिवेवाले. वादळात त्यांना दिवा सोडून आजीला गावात नेता येईना, म्हणून बाबांचा जन्मही त्याच खोलीतला. पुढे पूल झाला, बोटी थांबल्या, दिवा विझला. बाबा हलले नाहीत. काल तुझ्या दादाने दार फोडायची भाषा केली. तेव्हापासून बापलेकांचा अबोला. मी खिडकीतून डबा देते आणि तडा वाढला का बघते. काहीतरी सुचव गं.

डोळ्याला डोळा न लागलेली तुझी,
वहिनी

६ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

दादाला म्हणावं, दाराशी कुस्ती नको. बाबांना एवढंच वाचून दाखव: रविवारच्या बसने येतेय, मुक्काम तुमच्याच खोलीत. तुम्ही तिथे जन्मलात, मग नातवंड का नको? माझ्यापुरती जागा करा.

ही थाप नाही, वहिनी. बॅग भरलीये. सासरी आदळआपट चालू आहे, चालू दे.

लोभ आहेच, रागावलीस तरी राहू दे.
तुझी भांडकुदळ चिमणी

९ ऑक्टोबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

बस पकडू नकोस! काल वाचून दाखवलं. मग कडी निघाली. उशी काखोटीला मारून बाबा बाहेर आले आणि माझ्यावरच खेकसले, की पोरीला अक्कल नाही, आधी तिला थांबव.

आज दुपारी दीपगृह गेलं. आम्ही अंगणातच होतो. आधी करकरलं, मग सगळंच्या सगळं पाण्यात. तुझ्या दादाने बाबांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. मला वाटलं, आता रडतील. त्यांनी विचारलं, की दगड पाण्याखाली कुठवर गेले असतील? मासेमारीच्या होड्या संध्याकाळी इथूनच परततात, एखादीचा तळ फाटायचा.

तुझ्या दादाने वल्ही उचलली, बाबांनी माझा लाल पडदा ओढून काढला. खिडकीतून दिसताहेत दोघे, बुडालेल्या दगडांपाशी होडीत. पडदा बांबूवर फडफडतोय, होड्या वळसा घालून निघाल्यात. बाबा उभे राहून प्रत्येकीला हात करताहेत, आणि तुझा दादा त्यांना कमरेला घट्ट धरून बसलाय.

दोघा जिवांना जप.
तुझी वहिनी